शिक्षकांनाहि शाळा हवी

पावसाळ्यांतील एका दुपारची गोष्ट. भूगोलाचा तास चालू होता, बाहेर पावसानें धार धरली होती आणि मी फळ्यावर मोसमी वाऱ्यांचे बाण काढीत होतों. इतक्यांत कल्याणांतील वालधुनी नदीच्या काठीं राहणारी एक विद्यार्थिनी उभी राहिली व म्हणाली, “सर, २००५ सालच्या पुरांत आमच्या घरांत पाणी शिरलें होतें. माझा जन्म तेव्हां झाला नव्हता; पण आजीनें त्या पाण्याची खूण भिंतीवर करून ठेवली आहे. ती माझ्या खांद्याइतकी उंच आहे. तें पाणी हवामान बदललें म्हणून आलें, कीं आमचें घर नदीला फार लागून आहे म्हणून आलें?”

प्रश्न साधा होता. पण त्याचें उत्तर मजजवळ नव्हतें. शिक्षकाला निरुत्तर होण्याची लाज वाटते. त्या लाजेपायीं जें मनांत आलें तें मीं सांगून टाकलें: आकाशांतील ओझोनच्या थराला छिद्र पडलें आहे, त्यांतून ऊन अधिक येतें, म्हणून पृथ्वी तापते व पाऊस वाढतो. मुलांनीं तें वहींत उतरून घेतलें. ती मुलगीहि खालीं बसली. सरांनीं सांगितलें, तेव्हां तें खरेंच असणार!

त्या रात्रीं पुस्तकें काढून बसलों तेव्हां कळलें कीं, मीं सांगितलेलें चूक होतें. ओझोनचा थर सूर्याच्या अतिनील किरणांपासून आपलें रक्षण करतो. शीतयंत्रांत व फवाऱ्यांच्या डब्यांत वापरल्या जाणाऱ्या कांहीं वायूंनीं तो विरळ झाला, आणि १९८७ च्या माँट्रियल करारानें त्या वायूंना आळा घातल्यावर तो हळूहळू सावरूं लागला. पृथ्वी तापण्याचें मुख्य कारण निराळें आहे. दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायु जाळल्यानें कार्बन डायऑक्साइड हवेंत सांचतो, आणि गोधडीनें अंगाची ऊब अडवावी त्याप्रमाणें तो पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. स्वीडनमधील अऱ्हेनियस या शास्त्रज्ञानें त्याचें गणित १८९६ सालींच मांडलें होतें. दुसऱ्या दिवशीं मीं वर्गापुढें चूक कबूल केली व मुलांना ती ओळ खोडावयास लावली. वहींतली ओळ खोडली गेली; मनांतली बोचणी मात्र राहिली. त्या बोचणींतूनच हा लेख लिहीत आहें.

दोष माझा होता हें निर्विवाद. तथापि हें दुखणें एकट्या माझें नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को या संस्थेनें १४४ देशांतील ५८,००० हून अधिक शिक्षकांना या विषयासंबंधीं विचारून २०२१ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. हवामानबदल शिकविणें महत्त्वाचें आहे असें शेंकडा ९५ शिक्षकांना वाटत होतें. परंतु तो नीट शिकवितां येईल असा विश्वास सुमारें शेंकडा ४० जणांनाच होता. आणि आपल्या स्वतःच्या भागावर त्याचा काय परिणाम होतो हें समजावून सांगतां येईल असें म्हणणारे सुमारें एक तृतीयांशच निघाले. माझी गत या शेवटच्या गोष्टींतच झाली होती. ध्रुवावरील बर्फाविषयीं मला चार वाक्यें ठाऊक होतीं. माझ्या विद्यार्थिनीच्या दारावरून वाहणाऱ्या नदीविषयीं एकहि ठाऊक नव्हतें.

हा विषय शिकवा, असें आपल्याकडे कोणी सांगितलेंच नाहीं असें मात्र नाहीं. पर्यावरणाचें शिक्षण शाळांतून सक्तीनें द्यावें असा निर्देश सर्वोच्च न्यायालयानें १९९१ सालीं दिला व १८ डिसेंबर २००३ च्या आदेशानें त्याची सर्व राज्यांना पुन्हां आठवण करून दिली. महाराष्ट्रांत लहान वर्गांसाठीं ‘परिसर अभ्यास’ आला, वरच्या वर्गांसाठीं ‘जलसुरक्षा’ आली. २ ऑक्टोबर २०२० रोजीं राज्य सरकारनें ‘माझी वसुंधरा’ हें अभियान सुरू केलें. आदेश आले, पुस्तकें आलीं, भिंतीवरचे फलकहि आले. परंतु तें पुस्तक हातांत घेऊन ज्यानें मुलांपुढें उभें राहावयाचें, त्याची तयारी कोणी करून घेतली? आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार?

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, हवामानबदलाचें शिक्षण विद्यार्थ्यांच्या आधीं शिक्षकांना मिळालें पाहिजे, आणि शिक्षकांचें हें शिक्षण बंद सभागृहांत पडद्यावरचीं चित्रें दाखवून नव्हे, तर त्यांच्या शाळेच्या नदीकाठीं व खाडीकाठीं सुरू झालें पाहिजे. दिवसभर खुर्चींत बसून, चहापान करून, सायंकाळीं प्रमाणपत्र घेऊन परतण्याच्या शिबिरांतून माझ्यासारखे ओझोनची कथा सांगणारे शिक्षकच तयार होतील.

शिक्षकाला काय आलें पाहिजे, हें पाहण्यासाठीं त्या मुलीचाच प्रश्न पुन्हां हातीं घेऊं. २६ जुलै २००५ च्या त्या पावसांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईंतील कुलाब्याच्या वेधशाळेंत तो ७३ च्या आसपास होता. एकीकडे प्रलय आणि दुसरीकडे नेहमींचा पावसाळी दिवस! यांत पहिला धडा आहे. आज आकाशांत जें चाललें आहे ती हवा. तीस तीस वर्षांच्या नोंदींवरून जें सरासरी रूप दिसतें तें हवामान. एका पुरावरून हवामान बदललें असें सिद्ध होत नाहीं, आणि एका थंड सकाळीवरून तें बदललें नाहीं असेंहि सिद्ध होत नाहीं. ज्या शिक्षकाला हा भेद उमगला नाहीं, त्याचा वर्ग वर्तमानपत्रांतील प्रत्येक मथळ्याबरोबर डोलूं लागेल.

दुसरा धडा आंकड्यांचा. हवा एका अंशानें तापली कीं तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ति सुमारें शेंकडा सातनें वाढते. १८५० ते १९०० या काळाच्या मानानें २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वीचें सरासरी तापमान सुमारें १.१ अंशानें अधिक होतें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं असें दाखवून दिलें कीं, १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारताच्या पट्ट्यांत विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनें वाढल्या, आणि त्यांचा संबंध तापत चाललेल्या अरबी समुद्राशीं व त्यावरून येणाऱ्या वाऱ्यांशीं आहे. म्हणजे अमुक दिवसाचा पाऊस केवळ हवामानबदलामुळें पडला असें म्हणतां येत नसलें, तरी अशा पावसाचा संभव वाढत चालला आहे असें आपण निःशंकपणें म्हणूं शकतों.

तिसरा धडा पायांखालच्या जमिनीचा. पडलेलें पाणी घरांत कां शिरलें? उल्हास नदी सह्याद्रींत राजमाचीच्या बाजूला उगम पावून कर्जत, वांगणी, बदलापूर या वाटेनें कल्याणला येते व खाडीला मिळते. मोठ्या भरतीच्या वेळीं खाडी नदीचें पाणी सहज सामावून घेत नाहीं. तें मागें तुंबतें. वालधुनी अंबरनाथच्या डोंगरांकडून निघून उल्हासनगरच्या दाट वस्तींतून कल्याणास येते. पुराचें पाणी पूर्वीं ज्या सखल जमिनीवर व खाजणांत पसरून शांत होत असे, तेथें ठिकठिकाणीं भराव पडले, भिंती उठल्या, इमारती उभ्या राहिल्या. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हासच्या पुरानें महालक्ष्मी एक्सप्रेसला बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान वेढा घातला आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावें लागलें. नदी आपली जागा विसरत नाहीं हें त्या दिवशीं सर्वांनीं पाहिलें.

तेव्हां त्या मुलीला द्यावयाचें खरें उत्तर असें: “बाळ, दोन्ही कारणें खरीं आहेत. वरून एकदम पाणी कोसळण्याचा संभव वाढला आहे, आणि खालीं त्या पाण्याची वाट आपण अडविली आहे. पहिलें कारण साऱ्या जगानें मिळून दूर करावयाचें आहे. दुसरें पुष्कळ अंशीं आपल्या गांवाच्या हातांत आहे.” हें उत्तर कोणत्याहि एका पाठ्यपुस्तकांत तयार मिळणार नाहीं. त्यासाठीं पावसाची नोंद, भरतीचें कोष्टक, गांवाचा नकाशा आणि आजीच्या भिंतीवरची खूण या चार गोष्टी एकत्र जोडाव्या लागतात. हें जोडणें शिक्षकाला शिकविणें, याचेंच नांव प्रशिक्षण.

कशाला ‘हो’ म्हणावें याइतकेंच कशाला ‘नाहीं’ म्हणावें हेंहि शिक्षकाला कळलें पाहिजे. जानेवारी २०१४ मध्यें डोंबिवलींत हिरवट रंगाचा पाऊस पडल्याची वार्ता गाजली. फेब्रुवारी २०२० मध्यें तेथील औद्योगिक वसाहतींतला रस्ता गुलाबी झाला. हा रसायनांच्या प्रदूषणाचा प्रश्न होय, हवामानबदलाचा नव्हे. या दोहोंची सरमिसळ झाली तर मुलांना वाटूं लागेल कीं, सारींच संकटें एका अदृश्य आकाशांतून येतात. आणि मग ज्या गोष्टीची जबाबदारी नेमकी ठरवितां येण्यासारखी आहे, तिचीहि जबाबदारी कोणावरच राहणार नाहीं. अर्धवट ज्ञानानें केलेला हा अपाय अज्ञानापेक्षां मोठा आहे.

उष्म्याचेंहि तसेंच. १६ एप्रिल २०२३ रोजीं खारघर येथें उघड्या मैदानावर झालेल्या समारंभांत उष्माघातानें चौदा माणसें दगावलीं. त्या दिवशीं पारा विदर्भांतील उन्हाळ्याइतका चढलेला नव्हता. परंतु खाडीकाठच्या दमट हवेंत घाम लवकर वाळत नाहीं, आणि घाम वाळल्यावांचून शरीर निवत नाहीं. मार्चच्या दुपारीं मुलांना कवाइतीसाठीं रांगेंत उभें करणाऱ्या शिक्षकाला ही गोष्ट ठाऊक असणें हा केवळ अभ्यासक्रमाचा प्रश्न नव्हे. तो त्या मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, परिसरालाच पुस्तक करण्याच्या या गोष्टी बोलावयास सोप्या आहेत. पण त्या आपल्याच जिल्ह्यांत एकदां करून दाखविल्या गेल्या आहेत. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचें काम आरंभिलें. अनुताई वाघ तेथेंच त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढें तें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. हीं गांवें तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतीं; २०१४ पासून तीं पालघर जिल्ह्यांत आहेत. महागडीं साधनें खेड्याला परवडणार नाहींत हें ओळखून या दोघींनीं पानें, बिया, शिंपले व खडे यांनाच साधनें केलें. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नाहींत असें दिसतांच शाळाच कुरणावर नेली आणि तिला कुरणशाळा असें नांव दिलें. मुख्य म्हणजे, असें शिकविणाऱ्या शिक्षिका आपोआप मिळतील या भरंवशावर त्या बसल्या नाहींत. त्यांनीं त्या तयार केल्या. आजच्या प्रशिक्षणानें घ्यावयाचा कित्ता हाच.

यासाठीं नवी संस्था काढण्याची गरज नाहीं. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीं जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. २०२० च्या धोरणानें प्रत्येक शिक्षकानें वर्षाकांठीं किमान ५० तास आपल्या व्यावसायिक वाढीसाठीं द्यावेत असें म्हटलें आहे. म्हणजे व्यवस्था आहे आणि वेळहि ठरलेला आहे. त्या ५० तासांतले अठरा तास, म्हणजे तीन दिवस, या कामाला मिळावेत एवढीच माझी मागणी आहे.

पहिला दिवस चालण्याचा. कल्याणच्या शिक्षकांनीं वालधुनीच्या काठानें चालावें, डोंबिवलीच्या शिक्षकांनीं उल्हासच्या खाडीकाठीं जावें, ठाण्याच्या शिक्षकांनीं ठाणें खाडीची तिवरें पाहावीं. ज्या ठाणें खाडीवर आपण रोहित पक्षी पाहावयास जातों, ती २०२२ सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंदली गेली. ती केवळ पक्ष्यांसाठीं नव्हे. तिवरांचीं मुळें गाळ धरून ठेवतात व लाटांचा जोर मोडतात, म्हणून ती आपल्यासाठींहि आहे. हें काठावर उभें राहून पाहिलेला शिक्षक आणि केवळ वाचलेला शिक्षक यांच्या वाणींत फरक पडतोच.

दुसरा दिवस आंकड्यांचा. पावसाच्या जुन्या नोंदी समोर घेऊन शिक्षकांनीं स्वतःच्या हातानें आलेख काढावेत. गणिताच्या शिक्षकाला येथें सुंदर उदाहरणें मिळतील. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झालें; तर ५०० चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर १०० मिलिमीटर पाऊस पडल्यास किती? पन्नास हजार लिटर! हें पाणी जातें कोठें, असा प्रश्न मुलगा आपण होऊनच विचारील.

तिसरा दिवस पाठाचा. प्रत्येकानें आपल्या सहकाऱ्यांपुढें एक पाठ घ्यावा, आणि इतरांनीं त्यांतील चुका निर्भयपणें दाखवाव्या. मला वर्गांत जी लाज वाटली ती तेथें, आपल्या माणसांत, आधींच वाटून गेली असती तर फार बरें झालें असतें. शिवाय “मला ठाऊक नाहीं, शोधून उद्यां सांगतों” हें वाक्य न अडखळतां म्हणावयाची संवयहि त्याच दिवशीं लागावी.

आणि मग वर्षभर प्रत्येक शाळेंत एक पर्जन्यमापक असावा. सरळ कडांचें, सपाट बुडाचें भांडें व एक पट्टी एवढ्यावर काम भागतें. वेधशाळा रोज सकाळीं साडेआठला पाऊस मोजते. आपणहि त्याच वेळीं मोजावा, आणि ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील शाळांनीं आपल्या नोंदी एकमेकींना कळवाव्या. सांताक्रूझ व कुलाबा यांतील फरक मग पाठ करावा लागणार नाहीं. तो मुलांच्या स्वतःच्या वहींत उतरेल.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा कीं, शिक्षकांवर आधींच कामाचें ओझें फार आहे. तें खरें आहे, आणि म्हणूनच नवा विषय वाढवा असें मी म्हणत नाहीं. भूगोल, विज्ञान, गणित व मराठी यांच्या चालू पाठांतच हें ज्ञान मुरवा असें म्हणतों. शिवाय २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें २७ वें कलम पाहावें. शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला लावूं नये असें तें सांगतें. परंतु जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका हे अपवाद ठेवतें. म्हणजे पूर आला असतां शिक्षकाला त्या कामावर धाडणें कायद्याला मान्य आहे. ज्याला पुराच्या कामावर पाठविण्याचा अधिकार सरकार राखून ठेवतें, त्याला पूर कां येतो हें शिकविण्याचें कर्तव्य सरकारनें कां पत्करूं नये?

दुसरा आक्षेप पालकांचा: परीक्षेंत याचे गुण किती? पालकहो, ज्या मुलाला आलेख वाचतां येतो, कारण व योगायोग यांतला भेद कळतो आणि आपलें म्हणणें पुराव्यानिशीं मांडतां येतें, तो गुणांतहि मागें पडत नाहीं. तिसरा आक्षेप असा कीं, अशानें मुलें घाबरतील. घाबरण्याचा संभव आहे. पण तो अर्धें सांगण्यानें अधिक आहे. काय बिघडलें, कां बिघडलें आणि त्यांतलें काय आपल्या हातीं आहे, हें तिन्ही सांगणारा शिक्षक मुलांना भीति देत नाहीं, कामाला लावतो. नुसतें “पृथ्वी नष्ट होणार” असें सांगून तास संपविणाऱ्यानें मात्र आपलें अज्ञानच मुलांच्या उशाशीं ठेवलें असें म्हणावें लागेल.

पुढें त्या मुलीच्या आजींना आम्हीं वर्गांत बोलाविलें. पाणी आधीं कोणत्या बाजूनें आलें, किती वेळांत चढलें, शेजाऱ्यांनीं मुलांना कोणाच्या माळ्यावर नेलें, हें त्यांनीं सावकाश सांगितलें. मुलें नकाशावर खुणा करीत होतीं. मीहि माझ्या वहींत उतरून घेत होतों. त्या तासाला मला जें मिळालें तें मला सेवेंत येण्यापूर्वींच कोणी शिकवावयास हवें होतें. पण उशिरां कां होईना, मिळालें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही असेच प्रश्न विचारीत जा, आणि उत्तर पटलें नाहीं तर दुसऱ्यांदां विचारा. पालकहो, तुमच्या घरच्या भिंतीवर अशी एखादी खूण असेल तर ती रंग देऊन पुसून टाकूं नका. आपल्या मुलांच्या शिक्षकाला घरीं बोलावून ती दाखवा. आणि ज्यांच्या हातीं शिक्षकांच्या प्रशिक्षणाचीं सूत्रें आहेत, त्यांना एवढीच विनंति आहे कीं, पुढचा पावसाळा येण्यापूर्वीं आम्हांला एकदां नदीकाठीं न्यावें. आम्ही शिकावयास तयार आहों.